डेबियन १२ वरून १३: पायथनची पॅकेजं आणि माझा दीड जीबी

महिनाअखेर, सीएचा फोन सुरू, आणि टॉवेलच्या ऑर्डरींचा हिशेब काढणारी पायथन भाषेतली स्क्रिप्ट म्हणते, पांडाज (तक्त्यांचा हिशेब करणारं पायथनचं पॅकेज) सापडत नाही. आदल्या रात्रीच डेबियन या लिनक्स सिस्टिमच्या १२ व्या आवृत्तीवरून १३ वर गेलो होतो. आमचं युनिट सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. तिथं नेट म्हणजे माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट, दिवसाला दीड जीबी, त्यातला निम्मा पोरं सकाळीच रील बघून उडवतात. बाकीच्यांना ही अडचण किरकोळ वाटेल. मला नाही.

झालं असं, की व्हेन्व्हमध्ये, म्हणजे एका कामाची पॅकेजं वेगळी ठेवायच्या फोल्डरात, अख्खा पायथन नसतो, सिस्टिमच्या पायथनकडे जाणारी लिंक असते. १२ मध्ये पायथन ३.११ होता, १३ मध्ये ३.१३ आला. लिंक नव्याला जाऊन चिकटली, पॅकेजं ३.११ च्या फोल्डरात पडून राहिली. बरं, पिपच्या (पायथनची पॅकेजं नेटवरून आणणारं साधन) कॅशमध्ये जुनी व्हील्स, म्हणजे तयार बांधलेली पॅकेजं, आहेत म्हणावं, तर पांडाज आणि त्याला लागणारं नमपाय यांची व्हील्स पायथनच्या त्या त्या आवृत्तीसाठीच बांधलेली असतात. म्हणजे सगळं परत डाउनलोड. आणि बिलांचा व्हेन्व्ह वेगळा, स्टॉकचा वेगळा, बारकोडचा वेगळा. तिन्हींत पांडाज तेच. डिस्कवर एकाच मालाचे तीन गठ्ठे, भाडं मी भरायचं.

१२ टाकलं तेव्हा 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' म्हणून पिपने थेट इन्स्टॉल करू दिलं नाही, तेव्हा मी फार चिडलो होतो. हा पेप ६६८ (पायथनच्या प्रस्तावांपैकी एक) चा नियम: सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने परस्पर ढवळाढवळ करायची नाही. 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' हा पर्याय लावून पुढं जाता येतं, पण नावातच एवढी स्पष्ट धमकी असलेली गोष्ट पगारपत्रकाच्या मशीनवर कोण लावणार? एप्टमधलं (डेबियनचं स्वतःचं पॅकेज साधन) पांडाज १.५.३, ते पुढची डेबियन येईपर्यंत तिथंच. तेव्हा त्याला शिळं म्हणून नाक मुरडलं होतं.

आता मत बदललंय. टॉवेलचे डझन आणि जीएसटी मोजायला १.५.३ ला काय धाड भरली होती? या वेळी पांडाज एप्टमधून घेतलं आणि व्हेन्व्ह 'सिस्टिम-साइट-पॅकेजेस' (सिस्टिमची पॅकेजं आत वापरू देणारा पर्याय) लावून बनवला. जड माल सिस्टिमचा, पिपमधून फक्त एप्टमध्ये नसलेली चिल्लर. १३ मध्ये पांडाज २.२ आहे. २.० पासून डेटाफ्रेमचं (पांडाजचा तक्ता) अपेंड, म्हणजे ओळी जोडायची कमांड, काढून टाकलंय, तिथं कॉन्कॅट लिहावं लागलं, तेवढं चालतं.

खरा फायदा पुढं आहे. 'एप्ट-गेट'ने उतरवलेल्या डेब फाइल्स (डेबियनची पॅकेजं) कॅशमध्ये राहतात (नुसतं 'एप्ट' वापरलं तर इन्स्टॉलनंतर पुसतं, हे लक्षात ठेवा). त्या पेनड्राइव्हवर घेतल्या आणि गोडाऊनच्या मशीनवर, तिथंही १३ च, डीपीकेजीने (डेब फाइल्स इन्स्टॉल करणारी कमांड) चढवल्या. दुसऱ्या मशीनचा डेटा खर्च शून्य! पिपमध्येही फाइल्स आधी उतरवून ठेवता येतात, पण मग पायथनची आवृत्ती जुळवत बसा.

मधे एका जुन्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम लावून बघितली. तिथं पीकेजीमधून (तिथलं एप्ट) पांडाज सरळ येतं, तेव्हा नाव पीवाय३११-पांडाज होतं. पण पिपवरून घ्यायला गेलं की फ्रीबीएसडीसाठी तयार व्हील नसतं, सोर्स येतो आणि कंपाइल सुरू होतं. मे महिन्यात, सोलापुरात, पत्र्याच्या शेडखाली. नको.

आर्च ही आणखी एक लिनक्स मित्राकडं आहे. पायथनची आवृत्ती वाढली की एयूआरमधली (आर्चच्या वापरणाऱ्यांनी दिलेल्या पॅकेजांचा साठा) पायथनची पॅकेजं तो पुन्हा बांधत बसतो. त्याच्याकडं वायफाय आहे, त्याला परवडतं.

एप्टबद्दल एक राग कायम आहे. पिपमधलं पिलो एप्टमध्ये 'पायथन३-पिल', पायसिरियलचं 'पायथन३-सिरियल', ब्युटिफुलसूप४ चं 'पायथन३-बीएस४'. दर वेळी 'एप्ट सर्च' करून हुडकायचं. या नावांपायी एक स्टार कापतोय, एप्टला पाचपैकी चार.