कलेक्टर्स एडिशनमधला तुटका पुतळा आणि परस्पर बंद झालेले तिकीट

खोका उघडला तेव्हा पुतळा थर्माकोलच्या साच्यात व्यवस्थित झोपलेला होता, फक्त त्याचा उजवा पाय घोट्यापासून सुटून शेजारी पडला होता. पाय हातात घेऊन नीट पाहिल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या. घोट्याच्या कडेला सुकलेल्या गोंदाचे पांढरे मणी जमले होते आणि पोटरीच्या भोकात घट्ट बसायला हवी होती ती प्लास्टिकची खुंटी भोकापेक्षा स्पष्टपणे बारीक होती. मोडल्याची खरबरीत कड कुठेच नव्हती. म्हणजे वाटेत आदळआपट होऊन हा पाय तुटला नव्हता. तो मुळातच केवळ गोंदाच्या भरवशावर चिकटवून पाठवलेला होता. त्या वेळी हा फरक मला किरकोळ वाटला, पण पुढची सगळी टोलवाटोलवी नेमकी याच फरकाभोवती फिरली.

साध्या आवृत्तीच्या तिपटीहून जास्त पैसे मोजून, गेम बाजारात येण्याच्या सात महिने आधी मी एका व्हिडिओ गेमची ही कलेक्टर्स एडिशन, म्हणजे संग्राहकांसाठीची खास आवृत्ती, नोंदवली होती. खोक्यात गेमचा कोड (जो एकदाच वापरून गेम आपल्या खात्यात मिळवायचा असतो), पुतळा, अनुक्रमांक घातलेले प्रमाणपत्र, चित्रांचे पुस्तक आणि कापडी नकाशा एवढ्या वस्तू होत्या. नकाशा नोंदणीच्या वेळी ‘विणलेल्या कापडाचा’ म्हणून दाखवला होता. हाती आला तो पातळ पॉलिस्टरवर छापलेला, कडा न दुमडलेला आणि एका बाजूने दोरे सुटू लागलेला. पुस्तक मात्र खरोखर सुंदर होते, आणि गेमविषयी तर माझी काडीचीही तक्रार नाही. दुर्दैवाने, गेम चांगला असणे हाच पुढे माझ्या विरोधातला मुद्दा झाला.

माझी पहिली चूक उत्साहाची होती. खोका आला त्याच रात्री मी वरच्या थरातला कोड काढून वापरला आणि पुतळा सवडीने, जागा करून मांडू म्हणून तळाचा थर बावीस दिवस तसाच बंद ठेवला. विक्रेत्याकडे तक्रार केली तेव्हा पहिले उत्तर आले ते असे की कोड वापरला गेला असल्यामुळे संच परत घेता येत नाही, आणि संचातल्या सुट्या वस्तूंचे दोष थेट गेमच्या प्रकाशकाला कळवावेत, तशी चिठ्ठी खोक्यातच आहे. चिठ्ठी होतीही. त्यामुळे मी मुकाट्याने प्रकाशकाच्या सपोर्टकडे, म्हणजे ग्राहक मदत विभागाकडे, तिकीट (तक्रारीची नोंद) नोंदवले. त्यांनी तुटलेल्या भागाची छायाचित्रे, पुतळ्याच्या बैठकीखालचा बॅच क्रमांक, बाहेरच्या खोक्यावरचे लेबल आणि बिल मागितले. हे सगळे पाठवल्यावर सहा दिवसांनी उत्तर आले की वाहतुकीत झालेल्या नुकसानीची जबाबदारी विक्रेत्याची असते, तरी कृपया त्यांच्याशी संपर्क साधावा. विक्रेत्याने ते पत्र वाचून सांगितले की हा वाहतुकीतला नव्हे, निर्मितीतला दोष दिसतो, तरी कृपया प्रकाशकाशी संपर्क साधावा. खुंटी बारीक आहे हे दाखवणारे छायाचित्र दोघांकडेही होते, पण प्रत्येकाने त्याचा अर्थ आपल्याला सोयीचा तेवढाच लावला.

इथे जे मला फार उशिरा कळले ते आधी सांगतो. पैसे ज्याने घेतले, करार त्याच्याशी झालेला असतो. युरोपीय संघाच्या कायद्यात तर वस्तू वर्णनाबरहुकूम नसल्यास किमान दोन वर्षे विक्रेताच जबाबदार असतो, आणि इतर अनेक देशांच्या कायद्यांतही ग्राहकाने आधी विक्रेत्याच्याच दारात जावे अशी रचना आहे. खोक्यात घातलेल्या चिठ्ठीने ही जबाबदारी प्रकाशकावर ढकलली जात नाही; ती चिठ्ठी ही केवळ विक्रेत्याची सोय असते. शिवाय एकदा वापरलेला कोड परत घेता येत नाही हे मान्य केले, तरी त्यामुळे त्याच खोक्यातल्या पुतळ्याचा दोष माफ होत नाही. हे मला तेव्हा ठाऊक असते तर प्रकाशकाच्या दारात मी पाऊलही ठेवले नसते.

प्रकाशकाच्या दारात काय घडते हे समजून घेण्यासाठी या वस्तू कशा तयार होतात हे थोडे माहीत असावे लागते. गेम बनवणारी कंपनी पुतळे स्वतः बनवत नाही. ते काम परवाना घेतलेल्या एखाद्या संग्राह्य वस्तूंच्या कंपनीकडे जाते, ती ते कारखान्याला देते, आणि कारखाना आलेल्या मागणीइतके नग, वर थोडे जास्तीचे, एकाच खेपेत ओततो. बदली वस्तू म्हणून जे काही मिळते ते या थोड्या जास्तीच्या नगांतूनच. ते संपले की ‘उपलब्धतेनुसार’ या शब्दाचा अर्थ ‘आता नाही’ असा होतो. म्हणून पहिल्या आठवड्यात तक्रार करणाऱ्याला नवा पुतळा मिळतो आणि तीच तक्रार चौथ्या आठवड्यात करणाऱ्याला सहानुभूती मिळते. सपोर्टवर बसलेल्या माणसाचाही यात दोष नसतो. त्याच्यासमोर गेमची खाती आणि गेममधले चलन एवढेच असते, पुतळ्यांचे गोदाम नसते. तो जे देऊ शकतो तेच देऊ करतो.

मलाही तेच देऊ करण्यात आले. पाचव्या पत्रात झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी होती, बदली पुतळ्याची चौकशी सुरू असल्याचे एक वाक्य होते आणि ‘तोपर्यंत’ गेममधले काही चलन व एक पोशाख भेट म्हणून देत आहोत असे लिहिले होते. खाली ‘स्वीकारा’ असे ठळक बटण होते. ‘तोपर्यंत’ या शब्दावर विश्वास ठेवून मी ते दाबले. बटणाच्या खाली, करड्या रंगाच्या बारीक अक्षरांत, भेट स्वीकारल्यास तक्रारीचे निराकरण झाले असे समजले जाईल, हे वाक्य होते. ते मी वाचले ते तिकीट बंद झाल्याचे पत्र आल्यानंतर. मी पुन्हा तिकीट उघडले तेव्हा उत्तर आले की याच खरेदीबाबतचे निराकरण आपण यापूर्वीच स्वीकारले आहे. फसवणूक हा शब्द मी त्या तुटक्या पायासाठी वापरत नाही, कारण दोष कुठल्याही कारखान्यात राहून जातो. तो मी त्या ‘तोपर्यंत’साठी वापरतो.

या प्रकारानंतर मी जुनी प्रकरणे वाचून काढली, आणि माझ्या बाबतीत घडले ते काही नवे नव्हते हे पाहून बरे वाटले की वाईट, हे सांगणे कठीण आहे. सर्वांत बोलके उदाहरण ‘फॉलआउट ७६’चे आहे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये प्रकाशक बेथेस्डाने या गेमची २०० डॉलरची पॉवर आर्मर आवृत्ती विकली. जाहिरातीत कॅनव्हासची बॅग होती, ग्राहकांच्या हाती पातळ नायलॉनची पडली. एका ग्राहकाला सपोर्टकडून उत्तर मिळाले की छायाचित्रातली बॅग हा केवळ नमुना होता, ती बनवणे फार महाग पडत होते आणि याबाबत काही करण्याचा विचार नाही. ते उत्तर सर्वदूर पसरल्यावर कंपनीने साहित्याच्या अनुपलब्धतेचे कारण पुढे केले आणि भरपाई म्हणून गेममधले ५०० अ‍ॅटम देऊ केले, ज्यांची किंमत सुमारे ५ डॉलर होती. ग्राहकांचा संताप त्यावरही शमला नाही, तेव्हा डिसेंबरच्या सुरुवातीला कॅनव्हासच्या बॅगा नव्याने बनवून देण्याचे कबूल झाले. अट एवढीच की ३१ जानेवारी २०१९ पर्यंत तिकीट नोंदवायचे. त्या तिकिटासोबत खरेदीचा पुरावा जोडायचा होता, आणि काही दिवसांतच यंत्रणेतल्या चुकीमुळे काही ग्राहकांना इतरांची तिकिटे, नाव-पत्त्यांसह, दिसू लागली. बॅग मागायला गेलेल्या माणसाचा पत्ता अनोळखी लोकांच्या पडद्यावर गेला. तेव्हापासून मी बिलाची प्रत पाठवताना दोषाशी संबंध नसलेला मजकूर झाकून पाठवतो, आणि इतरांनीही तसेच करावे.

या प्रकरणातला क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे: आधी नकार, मग गेममधले चलन, आणि खरी वस्तू सर्वांत शेवटी, तीही आरडाओरडा झाल्यावरच. ज्यांच्याकडे ‘कॅनव्हास’ हा शब्द असलेली जाहिरात होती त्यांना वाद घालायला जागा होती. माझ्या नकाशाच्या बाबतीत मी ती जागा हातानेच घालवली, कारण नोंदणी केली त्या दिवशी मी विक्रीपानाची प्रतिमा जपून ठेवली नाही, आणि तक्रारीच्या वेळी पाहिले तर त्या पानावर ‘विणलेल्या’ हा शब्दच उरला नव्हता. नुसते ‘कापडी नकाशा’ होते. प्रत्यक्ष वस्तू चित्राहून वेगळी असू शकते, ही तळटीप रंगाच्या छटेपुरती समजून घेता येते, पण कापडाची जात बदलणे हे तिच्या आड लपवता येऊ नये असे माझे मत आहे. मात्र मत असणे वेगळे आणि पुरावा असणे वेगळे.

सगळेच प्रकाशक असे वागतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००७ मध्ये ‘हॅलो ३’च्या मर्यादित आवृत्तीच्या धातूच्या डब्यात डिस्क नीट अडकून राहत नव्हत्या आणि सुटून ओरखडे पडत होते, तेव्हा मायक्रोसॉफ्टने डिस्क बदलून देण्याची योजना काढली. त्याच वर्षी ‘बायोशॉक’च्या मर्यादित आवृत्तीतल्या बिग डॅडी या पात्राच्या काही प्रतिकृती मोडक्या निघाल्या, आणि प्रकाशक टू-के गेम्सने त्या विनामूल्य बदलून दिल्या. २०१५ मध्ये तर वॉर्नर ब्रदर्सने ‘बॅटमॅन: आर्कम नाइट’ची बॅटमोबिलची (बॅटमॅनच्या गाडीची) प्रतिकृती असलेली आवृत्ती, दर्जा समाधानकारक नसल्याचे कारण देऊन, गेम येण्याच्या तोंडावर सरळ रद्दच केली. ग्राहकांचा विरस झाला, पण निकृष्ट वस्तू कुणाच्या गळ्यात मारली गेली नाही. आणि प्रश्न आरोग्याचा असला तर चित्र आणखी पालटते: २०१९ मध्ये ‘फॉलआउट’च्याच नावाने सुटे विकलेले एक शिरस्त्राण आतल्या कापडावर बुरशी आढळल्यामुळे अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगामार्फत परत मागवले गेले आणि पूर्ण पैसे परत देण्यात आले. एकेकट्याचा सुटलेला घोटा यांपैकी कशातच बसत नाही. त्याने कुणी आजारी पडत नाही आणि त्याची बातमीही होत नाही.

मी शेवटचा प्रयत्न कार्डाच्या बँकेकडे केला. वस्तू सदोष निघाल्यास व्यवहारावर हरकत घेता येते, पण त्याला मुदत असते, साधारणपणे १२० दिवसांची, आणि ती पैसे भरल्यापासून मोजायची की वस्तू मिळाल्यापासून हे बँकेला आधीच विचारून घ्यावे, कारण महिनोन्‌महिने आधी पैसे भरणाऱ्याच्या बाबतीत याच प्रश्नावर सगळे अवलंबून असते. माझी हरकत मुदतीत होती. विक्रेत्याने उत्तरादाखल प्रकाशकाच्या यंत्रणेतली ‘ग्राहकाने निराकरण स्वीकारले’ ही नोंद जोडली आणि बँकेने हरकत फेटाळली. जे दोघे इतके दिवस माझी तक्रार एकमेकांकडे ढकलत होते, त्यांच्यात या एका कागदापुरते उत्तम सहकार्य होते हे मान्य करावे लागेल.

त्यानंतर मी विक्रेत्याला एकच पत्र लिहिले. त्यात प्रकाशकाचा उल्लेखही केला नाही. करार तुमच्याशी झाला आहे, वस्तू वर्णनाप्रमाणे नाही, खुंटी आणि भोक यांची मोजपट्टीसह घेतलेली छायाचित्रे सोबत आहेत, एवढेच लिहिले आणि उत्तरासाठी मुदत दिली. दहा दिवसांनी त्यांनी किमतीच्या एक दशांश रक्कम परत देऊ केली. या वेळी बारीक अक्षरे आधी वाचली, ती रक्कम म्हणजे प्रकरणाचा शेवट आहे हे समजून घेतले आणि मगच होकार दिला. घोट्यात लोखंडी टाचणी बसवून दोन भागांच्या गोंदाने पाय मी घरीच जोडला. पुतळा उभा राहतो, किंचित डावीकडे कलून.

पाच महिन्यांनी प्रकाशकाच्या स्वतःच्या दुकानात तोच पुतळा, गेमशिवाय, स्वतंत्रपणे विक्रीला आला. मी बदली पुतळ्याबद्दल पुन्हा विचारले, तेव्हा ही वेगळी खेप आहे आणि आधीच्या ग्राहकांना तिच्यातून बदली दिली जात नाही, असे उत्तर मिळाले. वेगळी खेप हे खरेच असावे. विक्रीपानावरचे छायाचित्र मोठे करून पाहिले, तर नव्या पुतळ्याच्या उजव्या पोटरीमागे, बैठकीपासून गुडघ्यापर्यंत, एक पारदर्शक आधारदांडी दिसते. माझ्या पुतळ्याला ती नव्हती.