मिरजेचा तंबोरा: नक्षीचे पैसे आणि जवारीचे

मुलीच्या गाण्यासाठी मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून काळी पाचचा (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या स्वराचा) तंबोरा घेतला, त्याला दीड वर्ष झाले. मधल्या पावसाळ्यात तो कसा वागतो हे पाहूनच लिहायचे ठरवले होते. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे थोड्या तक्रारीही आहेत.

दुकानात दोन तंबोरे शेजारी शेजारी ठेवले होते. एकाच्या भोपळ्यावर आणि दांडीवर पांढरी वेलबुट्टी बसवलेली होती, दुसरा जवळजवळ कोरा होता, आणि किमतीत बराच फरक होता. ‘यात कलाकुसर आहे ना,’ असे विक्रेत्याने सांगितले. वस्तुतः ती वेलबुट्टी ठरलेल्या नमुन्याची असते आणि शेजारच्या दहा वाद्यांवर तीच दिसते. हात अतिशय सफाईदार आहे, यात शंका नाही. पण काय उमटणार हे पहिला तुकडा चिकटवण्यापूर्वीच ठरलेले असते, आणि कारागिरीची माझी व्याख्या नेमकी हीच आहे. आम्ही कोरा घेतला.

या कारागिरीला कमी लेखण्याचा हेतू नाही. पंढरपूर परिसरातून येणारा कडू भोपळा वाळवून, भिजवून, आतून कोरून त्याला गळा, दांडी आणि तबली (भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी) अशी जोडायची की पुढे तारांच्या ताणाने काहीच हलता कामा नये, हे काम पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावानेच साधते. मिरजेत ही परंपरा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून सुरू झाली. हे घराणे शिकलगारांचे, म्हणजे मुळात तलवारींना धार लावणाऱ्यांचे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

माझ्या मते कला सुरू झाली ती जवारी काढताना, म्हणजे तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा घासून झंकार जमवताना. घोडीचा माथा सपाट नसतो. त्याला डोळ्यांना जेमतेम जाणवेल इतका उतार असतो, आणि कंप पावणारी तार त्या उतारावर घासत राहिल्याने स्वरांचा तो भरीव झंकार उठतो. या घोडीमुळे तारेच्या कंपनांचे नेहमीचे नियम कसे मोडतात, यावर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली निबंध लिहिला होता. समोरच्या वृद्ध कारागिराकडे मात्र मोजमापाचे एकही साधन नव्हते. कानशीचे दोन हात, तार छेडणे, मान किंचित कलती करून ऐकणे, पुन्हा एक हात, असे बराच वेळ चालले होते. मग ‘बेटा, सा लाव’ म्हणून त्यांनी मुलीला गायला लावले आणि तिचा आवाज ऐकल्यावर तिसऱ्या तारेखालची जागा परत घासली. खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराच्या तारेतून, कुठल्याच तारेवर न लावलेला गंधार स्वच्छ ऐकू येऊ लागताच त्यांनी कानस खाली ठेवली. आणखी एक हात मारला असता तर काय झाले असते, असे मी विचारले. ‘जवारी बसली असती,’ एवढेच ते म्हणाले. गंमत म्हणजे त्यांनी स्वतःला एकदाही कलाकार म्हणवून घेतले नाही. त्यांच्या लेखी घोडी घासणे आणि भोपळा कोरणे ही दोन्ही कामेच.

आता तक्रारी. तंबोरा ठरलेल्या तारखेनंतर तीन आठवड्यांनी हाती आला. पावसाळ्यात पंचमाची खुंटी सतत सरकत होती. खडू लावून काम भागले, पण ती मुळातच घट्ट बसवायला हवी होती. तबलीच्या कडेची पट्टी एका कोपऱ्यात उचलली गेली आहे. या उणिवा कारागिरीतल्या असल्याने कोणालाही दाखवता येतात आणि दुरुस्तही करून घेता येतात.

जवारीचे तसे नाही. तार घासून घोडीला खाचा पडल्या, तेव्हा आमच्या गावातल्या एका दुरुस्तीवाल्याकडून जवारी काढून घेतली. काम नीटनेटके होते, स्वर अचूक लागत होते, पण गंधार गेला. मिरजेला पुन्हा फेरी मारली, त्याच वृद्धांनी घोडी हातात घेतली, आणि जाण्यायेण्याचे भाडे त्यांच्या मजुरीपेक्षा जास्त झाले. तेव्हा घ्यायचाच असेल तर कोरा घ्यावा, ज्याला गायचे आहे त्याला बरोबर न्यावे, आणि पैसे देण्यापूर्वी जवारी कोण काढणार आहे ते विचारून घ्यावे.