नागपुरातली ‘स्टेज ३’ मस्टँग: एका फसलेल्या सौद्याची चिरफाड

गाडी २०१७ मॉडेलची फोर्ड मस्टँग जीटी. जाहिरातीत ‘रौश स्टेज ३, सुपरचार्ज्ड, ६७० हॉर्सपॉवर’. रौश म्हणजे मस्टँगवर काम करून तिची ताकद वाढवणारी अमेरिकन कंपनी. नंबर पुदुच्चेरीचा, दलाल वर्धा रोडवरचा आणि भाव साध्या मस्टँगपेक्षा पंधरा लाखांनी चढा. खरेदीदार धरमपेठेतला, गाड्यांचा शौकीन, अडाणी मुळीच नव्हे. पैसे देऊन झाल्यावर पहिल्या सर्व्हिसला बॉनेटखालचं मोठं काळं कव्हर काढलं, तर खाली इंजिनात हवा नेणारा कंपनीचा साधा प्लॅस्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारं यंत्र, त्या इंजिनावर कधी बसलेलाच नव्हता.

वाचून हसू येईल, पण टेस्ट ड्राइव्हला ही गाडी खरोखर खवळल्यासारखी वाटत होती, आणि फसवणुकीचं सगळं कसब त्यातच होतं. सायलेन्सरमधले आवाज दाबणारे रेझोनेटर कापलेले, त्यामुळे आवाज दुप्पट. ॲक्सिलरेटर पेडलच्या सेन्सरमध्ये एक पेडल कंट्रोलर जोडलेला. हा डबा इंजिनाची ताकद काडीचीही वाढवत नाही. पाय पाव दाबला की ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) तो अर्ध्याहून जास्त दाबल्याचं सांगतो, बस. आउटर रिंग रोडच्या रहदारीत अर्ध्या पायावर चालवणाऱ्याला वाटतं, काय उडी मारते! पेडल पूर्ण दाबलं की डब्याचं काम संपतं, कारण शंभर टक्क्यांच्या पुढे सांगायला त्याच्याकडे काही उरत नाही. तिसरी वस्तू ओबीडी पोर्टमधली (गाडी स्कॅन करायच्या सॉकेटमधली) लुकलुकती चिप, जिला दलाल ‘ट्यून’, म्हणजे ईसीयूचा बदललेला प्रोग्राम, म्हणत होता. हजार-पाचशे रुपयांच्या असल्या चिपमध्ये बहुतेक वेळा दिव्याखेरीज काही नसतं.

भारतात मस्टँग अधिकृतपणे आली जुलै २०१६ मध्ये, दिल्ली एक्स-शोरूम ६५ लाखांना. उजव्या स्टिअरिंगची, ५.० लिटर व्ही८, सहा गिअरची ऑटोमॅटिक, ४०१ पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) आणि ५१५ एनएम (न्यूटन-मीटर) टॉर्क. ही गाडी स्वतःच इतकी जोरदार आहे की आधी दुसरी व्ही८ न चालवलेल्या माणसाला ४०१ आणि ६७० मधला फरक पाठीला कळत नाही. म्हणून पाठीवर विसंबू नका.

खरा सुपरचार्जर लपत नाही. रौशसारख्या किटमध्ये रोटरचं जड ॲल्युमिनियमचं घर दोन सिलिंडर-रांगांच्या मधल्या खोबणीत बसतं, पुढे त्याची पुली आणि पुलीवर बेल्ट असतो. संकुचित हवा तापते, ती थंड करायला वेगळं कूलंट सर्किट लागतं: स्वतंत्र छोटी टाकी, विजेचा पंप आणि मुख्य रेडिएटरच्या पुढे आडवा हीट एक्स्चेंजर. पुढच्या जाळीतून टॉर्च मारली की तो दिसतो. इंजेक्टर मोठे लागतात आणि स्पार्क प्लग एक पायरी थंड, गॅप ०.८ ते ०.९ मिमीपर्यंत कमी केलेला. कंपनीचा गॅप १.२५ मिमीच्या वर असतो. एकच प्लग काढून मोजला तरी बोलणं पुढे सरकतं. या गाडीत सुपरचार्जरने दिलेला हवेचा दाब दाखवणारा बूस्ट मीटरही होता. खरा बूस्ट मीटर इंजिन आयडलला असताना शून्याच्या खाली, व्हॅक्यूमकडे जातो. याचा काटा इग्निशन चालू केलं की एकदा नाचायचा आणि शून्यावर बसायचा. मागची नळी कशालाच जोडलेली नव्हती.

सर्वांत मोठा भुलावा डायनोच्या, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, कागदाचा. दलालाचा शब्द होता, ‘कागद पाहून घ्या ना भाऊ, मशीन खोटं बोलते का?’ मशीन नाही बोलत. पण कागद कॉम्प्युटरवर बनवता येतो. तो तपासायला मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरतो. टॉर्क एनएममध्ये असेल तर टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७,१२१, म्हणजे हॉर्सपॉवर. हे भौतिकशास्त्र आहे, कंपनीगणिक बदलत नाही. या कागदावर ६,५०० आरपीएमला ६७० हॉर्सपॉवर होती आणि त्याच आरपीएमला टॉर्क ५६० एनएम. ५६० गुणिले ६,५०० भागिले ७,१२१ म्हणजे ५११. बनवणाऱ्याने ताकदीची रेघ वर ओढली, टॉर्कची ओढायला विसरला. ६,५०० ला ६७० हवी असेल तर टॉर्क ७३४ एनएम लागतो. टॉर्क पाउंड-फूटमध्ये असेल तर भाजक ५,२५२, आणि दोन्ही रेषा एकाच मापपट्टीवर असतील तर त्या ५,२५२ आरपीएमला एकमेकींना छेदल्याच पाहिजेत. नाही छेदल्या तर कागद टेबलावर परत ठेवा.

खऱ्या कागदावर खोलीचं तापमान, हवेचा दाब, आर्द्रता आणि त्यांच्यानुसार आकडा जुळवून घेणारा करेक्शन फॅक्टर छापलेला असतो. एसएई या अमेरिकन अभियंता संस्थेची प्रचलित पद्धत २५ अंश आणि ९९ किलोपास्कल कोरडा दाब आधार धरते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे. मे महिन्यात वर्कशॉपमध्ये ४५ अंश असतील तर फॅक्टर १.०७ च्या आसपास येणं रास्त. १.१५ दिसला तर कोणीतरी तापमान हाताने भरलंय. शिवाय डायनो चाकांवरची ताकद मोजतो. ४०१ पीएसची गाडी चाकांवर साधारण १५ टक्के कमी, म्हणजे ३४० च्या घरात दाखवते. ‘चाकांवर की क्रँकवर (थेट इंजिनावर)?’ या प्रश्नाला जो विक्रेता अडखळतो, त्याने तो कागद स्वतः वाचलेला नाही.

कागदापेक्षा भारी पुरावा इंजिनात किती हवा जाते हा. या व्ही८ मध्ये ती मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर आहे. साधा ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर आणि फोनवरचं ॲप घ्या, एअरफ्लो ग्रॅम प्रति सेकंदात लॉगवर लावा आणि मोकळ्या, सुरक्षित जागी तिसऱ्या गिअरमध्ये एकदा पूर्ण पेडल ६,५०० पर्यंत न्या. जागेची अडचण खरी आहे. समृद्धी महामार्गावर वेगमर्यादा १२० आहे, तिथे हा प्रयोग नको. डायनोवर घेतला तर उत्तम. मिळालेल्या कमाल आकड्याला १.३ ने गुणा, क्रँकवरची अंदाजे ताकद मिळते. ३०० ग्रॅमच्या आसपास हवा म्हणजे गाडी कंपनीची. ६७० साठी ५०० च्या वर हवा लागते. हवेशिवाय पेट्रोल जळत नाही, आणि कोणत्याही बॅजमधून हवा येत नाही.

तोच अडॅप्टर आणखी दोन गोष्टी सांगतो. बिघाडाचे कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हे तो दाखवतो. चाळीस किलोमीटर दिसलं तर समजा, तुम्ही यायच्या आदल्या दिवशी चेक इंजिनचा दिवा घालवलाय. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, ‘अपूर्ण’ असतील तर तीच खूण. पर्मनंट कोड स्कॅनरने पुसले जात नाहीत, ते वेगळ्या यादीत बघा. फोर्डसाठी फोरस्कॅन हे सॉफ्टवेअर आहे. त्यात जुन्या कोडसोबत त्या वेळचे किलोमीटर नोंदलेले सापडतात. मीटरवर २२,००० आणि जुना कोड ४१,००० चा, असं दिसलं की मीटर मागे फिरवलाय हे कळतं.

आता उलट बाजू. सुपरचार्जर खरा, किट खरं, पण ट्यून अमेरिकेतली. ही फसवणूक जास्त महाग पडते, कारण हिच्यात इंजिनच जातं. तिकडच्या पंपावर लिहिलेला ९३ हा ऑक्टेनचा (पेट्रोल अवेळी पेटण्याला किती विरोध करतं याचा) आकडा दोन मोजमापांची सरासरी आहे. आपल्या मोजणीत तो साधारण ९८ होतो. आपल्याकडे साधं पेट्रोल अनेक वर्षं ९१ होतं, प्रीमियम ९५. म्हणजे ‘९३ ऑक्टेनची ट्यून आहे, ९५ टाका, आणखी चांगलं’ हे वाक्य उफराटं आहे. त्यात नागपूरचा उन्हाळा: सिग्नलला पाच मिनिटं उभी राहिली की इंटरकूलरचं पाणी तापतं, आत जाणारी हवा तापते, नॉक (पेट्रोल अवेळी पेटून बसणारे ठोके) सुरू होतो. ट्यून नीट असेल तर ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि गाडी मंदावते, एवढंच नुकसान. पण आकडा मोठा दिसावा म्हणून कोणी नॉक सेन्सर बधिर केले असतील तर पिस्टनच्या रिंग लँड (रिंगांमधल्या कडा) तुटतात. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर काळे किंवा चंदेरी ठिपके दिसले तर सौदा थांबवा आणि लीक-डाउन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये भरलेली हवा किती गळते ते बघा: दहा टक्क्यांच्या आत ठीक, वीसच्या वर इंजिन उघडावं लागणार. या इंजिनात ऑइल पंपाचे कंपनीचे गिअर दाबलेल्या धातुभुकटीचे असतात. सुपरचार्जर आणि उंच आरपीएम एकत्र आले की ते फुटल्याची उदाहरणं जगभर आहेत. बिलेट (अखंड धातूतून कापलेले) गिअर बसवल्याचं बिल मागा. ऑइल ५डब्ल्यू-२०, सुमारे साडेसात लिटर. चार लिटरचं बिल दाखवणाऱ्या मेकॅनिकने ही गाडी कधी उघडलेली नाही.

ट्यून ही एक फाइल असते. ती ज्या हँडहेल्ड ट्यूनरने चढवली, तो बहुतेक वेळा त्याच गाडीच्या व्हीआयएनला (चासी क्रमांकाला) लॉक होतो. तो ट्यूनर आणि कंपनीच्या मूळ फाइलचा बॅकअप विक्रेत्याने हातात द्यायलाच हवा. त्याशिवाय गाडी परत मूळ स्थितीत नेणं त्रासाचं. ‘ट्यूनर मित्राकडे राहिला’ हे उत्तर चालत नाही.

बॅजबद्दल थोडक्यात. मस्टँगची जास्त ताकदीची आवृत्ती शेल्बी जीटी ३५० फक्त सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये आली, ५.२ लिटर इंजिन, रेडलाइन ८,२५०. ती आणि जीटी ५०० दोन्ही कारखान्यातून डाव्या स्टिअरिंगच्याच निघाल्या. म्हणून उजव्या स्टिअरिंगची, ऑटोमॅटिक ‘जीटी ३५०’ म्हणजे बंपर आणि स्टिकर. व्हीआयएनचं आठवं अक्षर इंजिन सांगतं: जीटीला एफ, जीटी ३५० ला झेड. दहावं अक्षर मॉडेल वर्ष: जी म्हणजे २०१६, एच म्हणजे २०१७. शेल्बी अमेरिकनने बदललेल्या गाडीला सीएसएम क्रमांकाची पाटी असते, रौशच्या गाडीलाही अनुक्रमांक असतो. क्रमांक कंपनीला ईमेलने विचारा; पाट्या ऑनलाइन विकत मिळतात.

कागदपत्रांत या सौद्यात दुसरा खड्डा निघाला. बाहेरच्या राज्याची गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार पुन्हा नोंदणी लागते: मूळ आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी, मग नागपूरच्या एमएच-३१, ४९ किंवा ४० या आरटीओमध्ये अर्ज आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. भावात हा टॅक्स धरलेला नव्हता. ‘कोणी नाही विचारत भाऊ’ एवढाच दलालाचा खुलासा. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेऊन ठेवलेल्या असतात. मूळ मालक स्वतः फोनवर यायला हवा. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर बँकेचा बोजा, विमा आणि मालक क्रमांक बघा.

सुपरचार्जर खरा असता तरी अडचण सुटत नव्हती. कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच उचलून धरलं. कलम १८२ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर अपघाताचा दावा अडतो. ही बाजू सांगणारा दलाल क्वचितच भेटेल.

टोकन देण्याआधी करारात जाहिरातीतला प्रत्येक दावा शब्दशः लिहून घ्या: किटचा अनुक्रमांक, ट्यूनर सोबत देणार, चाकांवर किती हॉर्सपॉवर, आणि तपासणीत खोटं निघाल्यास टोकन किती दिवसांत परत. ‘रायपूरची पार्टी संध्याकाळी येतेय’ म्हणून जो लिहून देत नाही, त्याची गाडी रायपूरला जाऊ द्या.

फसवणूक झाली असेल तर गाडी लगेच उघडून दुरुस्त करू नका. आधी व्हीआयएन दिसेल असे फोटो, कव्हर काढतानाचा सलग व्हिडिओ, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं एक्स्पोर्ट करून ठेवा, मग लेखी नोटीस. टोकन ऑनलाइन गेलं असेल तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन. पोलिसांत तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली होते. विकणारा व्यावसायिक डीलर असेल तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोग: दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे, त्यावर असेल तर राज्य आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. खासगी मालकाकडून घेतली असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता बंद. तिथे दिवाणी दावा आणि करारात लिहून घेतलेल्या ओळी.