बुलेटच्या सीटला लेदर की रेक्झिन? दोन्ही बसवून काढलेला पावसाळा

माझी बुलेट जुनी, दोन वेगळ्या सीटांची. गेल्या दिवाळीच्या आधी दोन्ही कव्हरं फाटायला आली तेव्हा पुढच्या सीटला अस्सल लेदर घातलं आणि मागच्या सीटला रेक्झिन, म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर दिलेलं नकली लेदर. प्रयोग वगैरे काही नाही. लेदरचा भाव ऐकून मागच्या सीटला हात आखडता घेतला, एवढंच. पण त्यामुळं एकाच गाडीवर, एकाच उन्हापावसात दोन्ही शेजारी शेजारी बघायला मिळालं. हिवाळा, उन्हाळा आणि आख्खा पावसाळा काढून झाल्यावर लिहितोय.

कोल्हापुरात सीटला लेदर म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: सुभाषनगर-जवाहरनगरला जा, चपलेचं चामडं घे, कशाला बाहेरचं? चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं असतं, जाड आणि ताठ. चपलेच्या तळाला ते तसंच हवं. सीटवर मात्र चामडं कडेवरून ओढून खाली वळवायचं असतं, तिथं ते सुरकुत्या धरतं. भिजून वाळलं की आक्रसतं, डाग पडतात ते वेगळेच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते चपलेसाठी, बुलेटच्या सीटसाठी नव्हे. सीटला क्रोममध्ये (सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारात) कमावलेलं, वरून फिनिश मारलेलं, सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचं मऊ लेदर लागतं. ते चौरस फुटावर मिळतं. पोटाकडचा भाग सैल असतो, ताणला की लांबतच जातो, म्हणून पाठीचा तुकडा मागून घ्यावा. उलट बाजूला कापडाची वीण दिसली तर दुकानदार काहीही म्हणो, ते लेदर नाही. कडेचा छोटा कपटा जाळून बघा: लेदरला केस जळल्यासारखा वास येतो, रेक्झिन वितळतं.

रेक्झिनचं काम सोपं. ५४ इंच पन्हा असतो, मीटरभरात सीट होऊन वर तुकडा उरतो. गरम हवेच्या गननं तापवून ओढलं की कडेला चापून बसतं.

उद्यमनगरात ज्यांच्याकडं काम दिलं त्या मामांना विचारलं, “मामा, लेदर टिकंल न्हवं?” ते म्हणाले, “चामडं टिकतंय ओ. टाक्याचं बोला. पाणी टाक्यातनं आत जातंय आणि शिव्या आम्हाला पडत्यात.” तेव्हा वाटलं, आधीच हात वर करून ठेवतायत.

उन्हाळ्यात लेदर उघड उघड जिंकलं. माझं तपकिरी आहे, मागचं रेक्झिन काळं. एप्रिलमध्ये दुपारी ऑफिसबाहेर उभी केलेली गाडी, मागच्या सीटवर पाण्याची बाटली ओतल्याशिवाय कुणी बसायला तयार नाही. काळं लेदरही तापतंच, त्यामुळं यात रंगाचा वाटा मोठा आहे. पण घामाचं तसं नाही. पन्हाळ्यापर्यंत जाऊन आलं तरी लेदरवर पँट चिकटत नाही. बायकोची तक्रार होती की ब्रेक दाबला की ती पुढं घसरते. त्यात निम्मा दोष सीटवर मारलेल्या चकचकीत पॉलिशचा निघाला. ते बंद केल्यावर बरंच थांबलं. सिलिकॉनचं पॉलिश सीटला लावूच नये, कुठल्याच.

पावसाळ्यात मामांचं बोलणं पटलं. मागच्या सीटवर शोभेसाठी उभ्या पट्ट्यांची शिलाई मारून घेतली होती. रात्रभर पाऊस झाला, सकाळी रेक्झिन फडक्यानं कोरडं पुसलं, बसलो, आणि टाक्याच्या प्रत्येक भोकातून पाण्याचा थेंब वर आला. खालचा फोम पाणी पिऊन बसलेला. रेक्झिनमधून पाणी जात नाही हे खरंच, पण जिथं सुई गेली तिथं पाणी जातं आणि बाहेर यायला वाट नसते. पुढची लेदरची सीट वरून सपाट होती, शिवण फक्त बाजूला. तिचा फोम बऱ्यापैकी कोरडा राहिला. म्हणजे वॉटरप्रूफ म्हणून घेतलेलं भिजलं आणि भिजणारं वाचलं!

लेदर सुटलं असं मात्र नाही. ते स्वतः पाणी धरतं आणि आपल्या जुलैत वाळता वाळत नाही. पायपिंगच्या, म्हणजे शिवणीवरच्या गोल गोटाच्या, घडीत पांढरी बुरशी आली. पुसली, चार दिवसांत परत आली. कुणी खोबरेल तेल चोळायला सांगेल. लेदर काळवंडतं, पँटला डाग लागतात आणि बुरशीला खाऊ मिळतो. ओल्या फडक्यानं पुसून सावलीत, पंख्याखाली वाळवायचं आणि वाळल्यावर लेदरचं कंडिशनर अगदी पातळ लावायचं. उन्हात किंवा हीटरपुढं ठेवलं की कडक होतं.

मागची सीट ऑगस्टमध्ये उघडून घेतली. फोम पूर्ण वाळवला, त्यावर प्लास्टिकचा कागद घातला, वरचा भाग बिनशिलाईचा केला, बाजूच्या शिवणीला आतून टेप मारली. दोरा पॉलिस्टरचाच सांगितला. सुती कुजतो, नायलॉन उन्हानं लवकर कमजोर होतो. तुमच्या सीटचा तळ प्लास्टिकचा असेल तर कव्हर तळाला ठोकायच्या पिना स्टेनलेसच्या मागा, साध्या पहिल्याच पावसात गंजतात. या दुरुस्तीनंतर गगनबावड्याचा पाऊस अंगावर घेऊन आलो, फोम कोरडा.

रेक्झिनचं खरं वय अजून दिसायचंय. उन्हानं त्यातला मऊपणा आणणारा घटक निघून जातो, मग ते कडक होऊन कडेला तडकतं. आधीचं कव्हर तसंच गेलं होतं. बोटींसाठी येतं ते मरीन ग्रेड रेक्झिन ऊन आणि बुरशी दोन्हींना जास्त दाद देत नाही, महाग असलं तरी लेदरपेक्षा स्वस्तच.

रोजची गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर रेक्झिनच घ्या, वरून सपाट, आणि काळं सोडून कुठलंही. पार्किंगला छप्पर असेल आणि गाडी हौसेची असेल तर लेदरचे पैसे वसूल होतात. मी स्वतः पुढची सीट पुढच्या जूनमध्ये काढून घरात ठेवणार आहे. चार महिन्यांसाठी जुन्या बाजारातून एक साधी सीट बघून ठेवलीय, तिला मामांकडून राखाडी रेक्झिन मारून घ्यायचं आहे.