आठ महिने रोज क्लासिक रॉक स्टेशन ऐकलं, त्याचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, मी रेडिओकडे परत गेलो ते काही प्रेमापोटी नाही. आमच्या जुन्या कोरोलाचं ब्लूटूथ ऑक्टोबरात मेलं, मेकॅनिकने सांगितलेला आकडा ऐकून म्हटलं राहू दे, आणि इथे न्यू जर्सीत एडिसन ते प्रिन्स्टन रूट वनवरचा रोजचा जाऊन-येऊन दीड तास एका क्लासिक रॉक, म्हणजे जुनी इंग्रजी रॉक गाणी लावणाऱ्या एफएमच्या हवाली केला. स्टेशनचं नाव घेत नाही, शोधायला जाऊ नका.

पहिले दोन आठवडे धमाल. मी पुण्यात कॉलेजला असताना पिंक फ्लॉइड ऐकलं ते कॅसेटवर, एकाची दुसऱ्याने भरून घेतलेली, दुसऱ्याची तिसऱ्याने, चौथ्या कॉपीत ड्रम्स पत्र्याच्या डब्यासारखे वाजायचे पण तरी ऐकायचो. आय-रॉक या रॉक महोत्सवासाठी मुंबईला रंगभवनपर्यंत गेलेला माणूस आहे मी. तर स्टिअरिंगवर ताल धरत ऑफिस कधी यायचं कळायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात कळायला लागलं. ईगल्स बँडचं तेच गाणं, तोच सिग्नल, साधारण तीच वेळ. मग फोनमध्ये खुणा करायला लागलो, म्हणजे गाडी थांबवून हं, चालवताना नाही. दोन आठवड्यांत त्या एका गाण्याला ९ खुणा. लेड झेपलिनचे सगळे मिळून आठ स्टुडिओ अल्बम बँड चालू असताना आले, आणि यांच्याकडे वाजतात गाणी किती, तर सहा! गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन तर इथलाच, फ्रीहोल्डमध्ये वाढलेला, माझ्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर, तो जिथे गायचा तो ॲसबरी पार्कचा स्टोन पोनी क्लब १९७४ पासूनचा, पन्नास वर्षांचा माल पडलाय नुसता, पण इथे आलटून पालटून दोनच गाणी. म्हणजे बेडेकरांच्या मिसळीच्या दुकानात जाऊन फक्त पाव खाऊन यायचं.

असं का करतात म्हणून वाचत बसलो तर गंमत कळली. इथल्या मोठ्या शहरांत २००७-०८ पासून श्रोते मोजायला पेजरसारखं एक यंत्र आलं, निवडक लोकांनी ते दिवसभर अंगावर बाळगायचं, स्टेशनच्या आवाजात कानाला ऐकू न येणारा कोड लपवलेला असतो तो ते पकडतं. त्याआधी लोक डायरीत आठवेल तसं लिहायचे. यंत्र आल्यावर मॅनेजर लोकांना मिनिटामिनिटाला दिसायला लागलं की अनोळखी गाणं लागलं रे लागलं की माणूस बटण दाबतो. झालं, अनोळखी गाणी बंद. उरली ती काहीशे, पास झालेली.

जाहिरातींचंही तसंच. तासाचे चार पाव तास करतात आणि एका पाव तासात पाच मिनिटं ऐकलं तरी अख्खा पाव तास ऐकला असं धरायचे (२०२५ पासून ते तीन मिनिटांवर आणलंय). म्हणून जाहिरातींचा गठ्ठा दोन पाव तासांच्या सांध्यावर ठेवायचा, म्हणजे अलीकडची पाच मिनिटंही पदरात आणि पलीकडचीही. सगळेच हे करतात, म्हणून कंटाळून दुसरं स्टेशन लावलं तर तिथेही ॲक्सिडेंटचे वकील आणि खिडक्या बदलून देणारेच. मी सात मिनिटांचा गठ्ठा मोजलाय. सात मिनिटांत चहा होतो राव.

पण हे सगळं मी सहन केलं असतं. डोकं सटकलं ते जानेवारीत. संध्याकाळी बर्फ सुरू झालं, रूट वन ठप्प, पुढच्या ट्रकचे फक्त लाल दिवे दिसतायत, हिचा तिसऱ्यांदा फोन, आणि रेडिओवरचा बाबा खुशीत म्हणतो, काय सुंदर संध्याकाळ आहे, काचा खाली करा आणि आवाज वाढवा! जानेवारीत! काचा खाली! तेव्हा ट्यूब पेटली की हा माणूस इथे नाहीच. दुसऱ्या कुठल्यातरी शहरात बसून दोन गाण्यांमधली बडबड आधीच रेकॉर्ड करून ठेवलेली, कम्प्युटर ती मध्ये मध्ये टाकतो. १९९६ च्या कायद्याने एका कंपनीने देशभरात किती स्टेशनं घ्यायची याची मर्यादाच उठवली, त्यानंतर एकेका कंपनीकडे शेकड्यांनी स्टेशनं गेली आणि गावोगावचे डीजे घरी बसले.

आता इथली जवळचीच एक जुनी गोष्ट बघा. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनईडब्ल्यू एफएमवर १९७४ च्या सप्टेंबरात जॉन लेनन आला, डेनिस एल्सास नावाच्या डीजेकडे, आणि नुसता इंटरव्ह्यू देऊन गेला नाही तर स्वतःच्या आवडीच्या रेकॉर्ड लावल्या, जाहिराती वाचल्या, हवामानही वाचलं. बीटल म्हणे हवामान वाचतोय! तेव्हाच्या रेडिओत ते होऊ शकत होतं कारण स्टुडिओत माणूस बसलेला होता आणि बाहेर काय चाललंय ते त्याला माहीत होतं.

गाणी आता कुणाकडे नाहीत? सगळी फोनमध्ये आहेत, फुकटात. त्यामुळे स्टेशनला श्रोते परत हवे असतील तर माझ्या मते गाण्यांच्या यादीशी खेळण्याआधी एक तरी शिफ्ट इथल्या जिवंत माणसाला द्या, आणि त्याला तासाला दोन गाणी स्वतःच्या मनाने लावू द्या, त्यात एक न ऐकलेलं, आणि ते का लावलं हे दोन वाक्यांत सांगू द्या. कारण सांगितलं की मी बटण दाबत नाही, थांबतो. फिलाडेल्फियाच्या डब्ल्यूएक्सपीएनने २०१६ मध्ये हजारो गाणी नावांच्या ए टू झेड क्रमाने लावली होती, डोकं चालवलं की असं सुचतं. ते श्रोत्यांच्या वर्गणीवर चालतं, जाहिरातवाल्यांना हे परवडेल का माहीत नाही, पण दिवसातला एक तास तरी परवडायला हवा.

हे एवढं लिहूनही स्टेशन मी सोडलेलं नाही, त्याचं कारण रविवारची रात्र. एप्रिलमध्ये सहज रिक्वेस्ट लाइन लावली, एरवी रेकॉर्डेड आवाज येतो, त्या दिवशी चक्क माणूस. म्हातारा असावा, आवाज खरखरीत. कुठून बोलताय, एडिसन? मग तिथल्या डोशांबद्दल विचारायला लागला. मी ब्लू ऑयस्टर कल्ट या बँडचं गाणं मागितलं, म्हटलं नेहमीचं नको, दुसरं काहीही. खुदकन हसला. वीस मिनिटांनी लावलं, आधी सांगितलं की हे इथले जवळचे, लाँग आयलंडवालेच, आणि हे एडिसनच्या अमुकसाठी. माझ्या नावाची पार वाट लावली. पण आकाशवाणीवर 'आपली आवड'मध्ये आईचं नाव येईल म्हणून आम्ही भावंडं ट्रान्झिस्टरला कान लावून बसायचो, तसं झालं एकदम, हिला किचनमधून बोलावलं.

रेटिंग: सोमवार ते शनिवार दीड स्टार, रविवार रात्र साडेचार. परवा परत फोन लावत होतो, अर्धा तास बिझी.