नखावरचा हत्ती पडला चौदा हजारांना

उदयपूरला गणगौर घाटाच्या आसपास कुणी तुमच्या नखावर फुकटात हत्ती काढून देतो म्हणाला, तर खुशाल काढून घ्या. छान काढतात. मग हात जोडा आणि आल्या वाटेने परत फिरा. त्याच्या मागोमाग गल्लीत शिरू नका.

जागा फार हुशारीने निवडलेली असते. बागोर की हवेलीत संध्याकाळी सातला राजस्थानी नाचगाण्यांचा कार्यक्रम असतो. गर्दी होते म्हणून सगळे आधीच येऊन थांबतात. तिकीट हातात आणि वेळ रिकामा, असे शेकडो पर्यटक त्या चौकात घुटमळत असतात. आम्हीही तसेच उभे होतो: मी, नवरा, सासूबाई आणि नणंदेची मुलगी. सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, “अगं, चहा तरी कुठे मिळतोय का बघ,” आणि शेजारचा एक सभ्यसा तरुण वळला. “महाराष्ट्र से? शिवाजी महाराज तो सिसोदिया थे, आंटीजी. आप तो हमारे घर के लोग हुए.”

हे वाक्य ते मराठी माणसासाठीच राखून ठेवतात. भोसल्यांचं कुळ मेवाडच्या, म्हणजे उदयपूरच्या, सिसोदिया राजघराण्याकडे नेणारी वंशावळ राज्याभिषेकाच्या वेळी, 1674 साली मांडली गेली होती, हे आपण शाळेपासून ऐकलेलं असतं, त्यामुळे समोरचा लगेच आपला वाटायला लागतो. पुढचा इतिहास मात्र तो सांगत नाही. 1736 साली थोरले बाजीराव उदयपुरात जाऊन चौथ ठरवून आले आणि नंतर शिंदे-होळकरांनी मेवाडला खंडणीसाठी पिळून काढलं. त्या हिशेबाने आमचे चौदा हजार म्हणजे जुन्या थकबाकीचा एक हप्ताच म्हणायचा.

तरुणाने खिशातून बारीक कुंचला काढला आणि भाचीच्या अंगठ्याच्या नखावर मिनिटाभरात हत्ती उतरवला, सोंड वर केलेला. “हाथी लक, घोड़ा पावर, ऊँट लव.” पैसे घेतले नाहीत. आपण चित्रकलेच्या शाळेत शिकवतो, आज मुलांचं प्रदर्शन आहे, शेवटचा दिवस, विकत घ्यायची काही सक्ती नाही, फक्त बघा, असं म्हणाला. दोन वळणांनंतर एक जिना आणि वर खोली. दोन मुलं खाली मान घालून रंगवत बसलेली, बाकी भिंतभर चित्रं. पाटीवर ‘सरकारमान्य’ हा शब्द होता. सरकारी दुकान आणि सरकारमान्य लिहिलेलं दुकान यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. राजस्थान सरकारच्या एम्पोरियमचं नाव ‘राजस्थली’. बाकी पाट्या कुणीही रंगवतो.

त्या खोलीत सांगितलेलं बरंचसं खरं होतं, आणि फसवणुकीची खरी मेख तिथेच आहे. मेवाडची लघुचित्रांची परंपरा खरी. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला खरा. दगड कुटून, घोटून रंग करतात तेही खरं. समोरचं चित्र जुन्या संस्थानी स्टॅम्पपेपरवर होतं आणि तो कागदसुद्धा खराखुरा जुना होता. वर छापील शिक्का, मागच्या बाजूला कुणी कुणाला कर्ज दिल्याचा हाताने लिहिलेला मजकूर. पुढच्या बाजूला तीन हत्तींची वरात, हिरव्या झुली, सोनेरी अंबाऱ्या. “दो सौ साल पुराना है, दीदी.” मग त्याने बोट पाण्यात बुडवून हत्तीवरून फिरवलं. रंग जरासुद्धा हलला नाही. “देखिए, असली पत्थर का रंग.” किंमत बावीस हजार. सासूबाईंनी घासाघीस करून चौदावर आणली आणि जिना उतरताना त्या अगदी खूश होत्या.

दुसऱ्या दिवशी हाथीपोळच्या बाजारात तेच तीन हत्ती दिसले. त्याच झुली, मधल्या हत्तीचा तोच उचललेला पाय. सहाशे रुपये. एकाच चित्रकाराने तीच वरात पुन्हा काढली असेल, असं नवऱ्याने मला आणि बहुधा स्वतःलाही समजावलं. ठाण्याला आल्यावर तेही समाधान उरलं नाही. माझ्या दिराचा छपाईचा धंदा आहे. त्याने खिशातलं भिंग काढून चित्रावर टेकवलं आणि हसायलाच लागला. हत्तीच्या करड्या रंगात निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके जाळीसारखे मांडलेले होते. म्हणजे वरात छापलेली आणि तिच्यावर पांढऱ्या-सोनेरी रंगाचे चार फटकारे हाताने मारलेले. बोट फिरवलं की रंगाचा उंचवटा लागतो तो त्या फटकाऱ्यांचाच. मोबाइलच्या कॅमेऱ्याने अगदी जवळून फोटो काढून मोठा केला तरी हे ठिपके बहुतेक वेळा दिसतात, भिंग नसलं तरी चालतं.

पाण्याचा प्रयोग तर पुरता उलटा आहे. पारंपरिक रंग बाभळीच्या डिंकात घोटतात आणि डिंक पाण्याने सुटतो. ओलं बोट घासल्यावर जो रंग ढिम्म हलत नाही, तो डिंकातला असण्याची शक्यता फार कमी. खरं चित्र ज्याच्याकडे असेल तो त्यावर ओलं बोट फिरवूच देणार नाही. सोन्याचंही तसंच. खऱ्या सोन्याचं काम अकीक दगडाने घासून गुळगुळीत करतात. पितळी पूड जवळून चमकीसारखी रवाळ दिसते आणि पुढे काळवंडते.

आणि ते दोनशे वर्षांचं वय? मागच्या मजकुरात संवत 1996 स्वच्छ लिहिलं होतं. विक्रम संवतातून सत्तावन्न वजा केले की इसवी सन निघतं, म्हणजे 1939 च्या सुमाराचा कागद. जुन्या दप्तरातले असे कागद गठ्ठ्याने विकले जातात. तारीख कागदाची असते, चित्राची नव्हे, आणि दुकानदार बोट ठेवतो ते नेमकं तारखेवर.

खरं काम घ्यायचं असेल तर ते त्या शहरात मिळतं, फक्त अर्धवट झालेलं चित्र दाखवायला सांगा. खरा चित्रकार कच्चं रेखाटन, पांढऱ्या रंगाचा पहिला हात, घोटलेला कागद, सगळं उत्साहाने दाखवतो. आमच्या त्या खोलीत रंगवत बसलेल्या मुलांच्या पाटावरचं चित्र बघू का, असं भाचीने विचारलं होतं. “बच्चे डिस्टर्ब होते हैं” असं उत्तर मिळालं. उदयपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर नाथद्वाऱ्याला पिछवाया (देवाच्या मूर्तीमागे लावायची कापडावरची चित्रं) रंगवणाऱ्या चित्रकारांच्या गल्ल्या आहेत, तिथे एक चक्कर टाकली तरी नजर तयार होते.

पैसे परत मिळण्याबद्दल. बिलावर ‘हैंडीक्राफ्ट आइटम – 1’ एवढंच होतं, आणि तसं बिल असलं की तक्रार लंगडी पडते. आमचं नशीब की सासूबाईंनी हट्टाने दुकानाच्या कार्डामागे ‘ओल्ड, हैंड पेंटेड, रियल गोल्ड’ असं त्याच्याच अक्षरात लिहून घेतलं होतं (त्यांना भिशीत दाखवायचं होतं). राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. तिथे तक्रार नोंदवली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात खटला भरता येतो, त्यासाठी उदयपूरला खेपा घालाव्या लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. एवढं सगळं नोटिशीत लिहून कार्डाचा फोटो जोडला, तेव्हा दुकानातून फोन आला. “दीदी, आप तो घर के लोग हैं.” बरीच ओढाताण होऊन नऊ हजारांवर तोडगा निघाला, तोही चित्र परत पाठवण्याच्या अटीवर. पाठवलं. कुरियरचे पैसे आमचेच.

ते चित्र आता पुन्हा भिंतीवर लागलं असणार. तीन हत्ती, मागे संवत 1996, आणि डाव्या कोपऱ्यात खाली भिंग टेकवताना दिराच्या कपातून सांडलेल्या चहाचा डाग. तो डागही एव्हाना दोनशे वर्षांचा झाला असेल.