आतला आरसा चिकटवायचे १५० सांगितले, घेतले ७,५८०

मे महिन्यात दुपारभर उन्हात उभी असलेली गाडी संध्याकाळी उघडली तर मधला आरसा गिअरपाशी पडलेला. आरसा ज्यावर अडकतो ते काचेवरचं धातूचं बटणसुद्धा आरशासोबतच निघून आलेलं, काचेवर फक्त जुन्या गमचा पिवळट डाग. उन्हाने हे होतं, खूप जणांचं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हे मला आज माहिती आहे. तेव्हा एवढंच डोक्यात होतं की सकाळी सासूबाईंना घेऊन साताऱ्याला जायचंय आणि आरशाशिवाय हायवेला गाडी काढायची नाही.

पुण्यात ॲक्सेसरीजच्या दुकानांची एक ओळ आहे, तिथल्या एका दुकानात गेले. माणूस म्हणाला, "दीडशे होतील ताई, दहा मिनिटाचं काम." मग गाडीला एक चक्कर मारली, मॉडेल विचारलं, साल विचारलं, आणि बाजूला जाऊन फोनवर कोणाला तरी म्हणाला, "२०१५ ची पुढची काच आहे का गोडाऊनला?"

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. आरसा चिकटवायला आलेल्या गाडीची काच कशाला लागते? अजून कोणी गाडीला हातही लावला नव्हता. मला वाटलं दुसऱ्या गिऱ्हाईकाचं असेल, पण दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच हो दुकानात. रात्री झोप लागत नाही तेव्हा ते वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. तेव्हाच किल्ली मागून घ्यायला हवी होती.

मग म्हणाला, "ताई एसी फुल करून ठेवा, पोरगं आत बसून काम करतंय, उकडतं." पोराच्या हातात हीट गन. "तुम्ही समोर चहा घ्या तोवर." चहा अर्धासुद्धा झाला नव्हता, हाक आली. डागाच्या जागेपासून बाजूच्या सीटकडे वीतभर तडा गेलेला. "काच आधीच वीक होती ताई, आम्ही फक्त गम काढत होतो." नंतर सर्व्हिस सेंटरच्या माणसाने सांगितलं की एसीने गार केलेल्या काचेवर एकाच जागी गरम हवा धरली की तडा जातो, आणि गम काढायला साधं ब्लेड आणि स्पिरिट पुरतं.

मी काही काल गाडी शिकलेली नाही, ११ वर्षं चालवतेय. पण रात्रीचे साडेआठ, नवरा बाहेरगावी, सकाळी सहाला निघायचं, आणि दुकानवाला म्हणतो, "खंबाटकीत काच फुटून अंगावर आली तर? म्हाताऱ्या माणसाला घेऊन चाललाय." माझ्या जागी कोणीही हो म्हणालं असतं. खरं तर पुढची काच लॅमिनेटेड असते, दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा थर असतो, एका तड्याने ती अंगावर येत नाही. हे माहिती असतं तर तशीच घरी आले असते. काच वीस मिनिटांत टेम्पोतून आली, तयारच ठेवल्यासारखी.

हिशोब : काच ५,८५०, सीलंट ६८०, मजुरी ९००, आणि आरशाचे १५० तरीही लावलेच. एकूण ७,५८०. पाच हजार क्यूआरवर दिले, नाव आलं कुठल्या तरी बाईचं, दुकानाचं नाही. असं दिसलं की तिथेच थांबा. बाकीचे २,५८० रोख. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून "काच + फिटिंग" एवढंच लिहून दिलं, तारीख नाही, शिक्का नाही. जुनी काच काढताना फास्टॅग फाटला, नव्याचे १०० वेगळे. आणि तो आरसा? नवव्या दिवशी परत पडला. जूनच्या पहिल्या पावसात काचेच्या कडेने पाणी आत, डॅशबोर्ड ओला, सर्व्हिस सेंटरला काच काढून परत बसवायचे २,३६०. सगळे मिळून १०,०४०. "कंपनीची काच" म्हणाला होता, कोपऱ्यात गाडीच्या कंपनीचं नावच नाही. बसवायच्या आधी कोपरा बघा आणि जुन्या काचेच्या कोपऱ्याचा फोटो काढून ठेवा.

चौकीत गेले तर म्हणाले दुकान आमच्या हद्दीत येत नाही. दुसऱ्या चौकीत पाऊण तास बसवलं. मग "किती? साडेसात हजार? ताई, इथे लाखांचे फ्रॉड पडलेत." मी म्हटलं माझे साडेसात हजार पैसे नाहीत का? माझ्यासमोर दुकानवाल्याला फोन लावला, तो म्हणाला मॅडमनी राजीखुशीने काम करून घेतलं, आणि साहेबांना ते पटलं! मी समोर उभी असताना! बिल आणा म्हणे. बिल देत नाही हीच तर तक्रार आहे. सिव्हिल मॅटर आहे म्हणून अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर "उद्या या". तीन वेळा उद्या झालं, प्रत्येक वेळी ऑफिसमधून अर्धी रजा. पोच घेतल्याशिवाय अर्ज हातातून सोडू नका. विमा कंपनीच्या कॉल सेंटरने चार वेळा फोन फिरवला आणि शेवटी सांगितलं की काम झाल्यावर सर्व्हे (नुकसानीची पाहणी) होत नाही, क्लेम नाही. फुल पॉलिसीत काचेला घसारा (जुनेपणाची कपात) कापत नाहीत, माझ्या छोट्या गाडीला हजार रुपये भरून काच बदलून मिळाली असती. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला असता ते वेगळं, पण निवड तरी माझी राहिली असती. तडा गेला की आधी विमा कंपनीला फोन, मग बाकीचं.

आरसा शेवटी मीच चिकटवला. २८० रुपयांच्या किटमध्ये ॲक्टिव्हेटर (गमाच्या आधी लावायचं द्रव) आणि गम दोन्ही येतं. काचेच्या बाहेरून टेपने जागा खूण केली, आतून ब्लेडने जुना गम खरवडला, स्पिरिटने पुसलं, ॲक्टिव्हेटर सुकू दिला, बटणाची वरची बाजू कुठली ते बघून मिनिटभर दाबून धरलं आणि आरसा दुसऱ्या दिवशी सकाळी अडकवला. गाडी सावलीत, काच थंड असताना करा. ताबडतोब चिकटणारा साधा गम लावू नका, तो उन्हात टिकत नाही. दुकानात करून घेणार असाल तर गाडीत बसून राहा, कितीही चहा देऊ देत.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, तिथेही अर्ज करतेय. वहीचं ते पान आणि क्यूआरचा स्क्रीनशॉट जोडलाय. तुमच्यापैकी कोणाला याच ओळीत "काच आधीच वीक होती" असं ऐकवलं असेल तर मला कळवा, एकापेक्षा जास्त अर्ज गेले तर तो राजीखुशीचं सांगू शकणार नाही.